वहिनीचे उंदीर

माझी वहिनी उंदीर सांभाळते. घरातले नव्हे, संशोधन संस्थेतले. लोकांना वाटतं पांढरे असतील, पण तिचे काळे कुळकुळीत आहेत. कुणी विचारलं तर ती "प्राणिगृहात सहायक आहे" असं सांगते, पण गल्लीत तिचं नाव उंदीरवाली. लग्न होऊन आली तेव्हा ते मीच पाडलं आणि ती खो खो हसली. तिला राग म्हणून येत नाही. तिच्या वाटचाही मलाच येतो.

तिचं काम बघायला मी एकदा गेले होते. डोक्याला टोपी, बुटांवर पिशव्या, आणि तो वास, बाई बाई! ती शेपटीच्या मुळाशी धरून उंदीर उचलते, दुसऱ्या हातात बारीक नळी. घाबरला की उंदीर मुततोच. ते नळीत झेलायचं, नळी हलवायची आणि उजेडात धरायची. वर फेस टिकून राहिला की समजायचं, प्रथिनं गळताहेत. तपासण्या पुढे यंत्रावर होतात, पण तिला आधी फेस बघायची सवय.

"मूत्रपिंडात चाळणी असते गं," तिनं मला समजावलं. "तिथल्या पेशींना पाय असतात, एकमेकांत बोटं गुंतवावीत तसे गुंतलेले. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो, तो बाहेरचा निरोप आत घेतो. या उंदरांना तो जन्मापासूनच नाही. निरोप पोचत नाही, मग पाय सपाट होतात आणि जे रक्तात राहायचं ते लघवीतून जातं. अंग सुजतं."

"जन्मापासून नाही म्हणजे? देवाची करणी?"

"आमच्या सरांची," ती म्हणाली आणि उंदराच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

दादाचं, म्हणजे माझ्या भावाचं, केस कापायचं दुकान. दिवसभर उभं राहायचं, त्यामुळे पाय सुजले तर कुणाला काय वाटणार? पुढे सकाळी चेहराही फुगायला लागला. गिऱ्हाइकं म्हणायची, "बायकोचा हात लागला बुवा, अंगानं भरलास!" दादाही मेला खूश. मग एका सकाळी वहिनीनं संडासात फेस पाहिला. तिनं दादाला काचेची बरणी दिली, हलवून खिडकीशी धरली आणि त्याला तसाच इस्पितळात घेऊन गेली.

इस्पितळात सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढला. औषधं झाली, गळती थांबेना. डॉक्टरीण बाई स्पष्टच म्हणाल्या, "मूत्रपिंडं निकामी होत चाललीत. घरातलं कुणी एक देणार असेल तर अंगात ताकद आहे तोवर उरकून घ्या." मी म्हटलं, मी देते. माझ्या तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. दादा कुरकुरला, "बारके, तुझं पोट फाडून मी जगू?" पण तयार झाला.

आणि नेमकं तेव्हाच वहिनीच्या उंदरांना नवं औषध सुरू झालं. रिसेप्टर नाही ना, मग निरोप मागच्या दारानं पोचवायचा, असं काहीसं. थोड्याच आठवड्यांत नळीतला फेस बसला. ती घरी आली ती हसत आणि रडत.

"अहो, थांबली! गळती थांबली! माणसांसाठीही येईल, सर म्हणाले."

सर म्हणाले होते "कधीतरी". तो शब्द घरी येईपर्यंत कुठे सांडला, देव जाणे. फेस तोच, सूज तीच, म्हणजे आजारही तोच, असं तिनं धरलं. वर्षानुवर्षं एकाच जातीचा फेस बघणाऱ्या बाईला दुसरा फेस असू शकतो हे सुचणार कसं? आणि दादाला तर हेच हवं होतं. बुडत्याला काडीचा आधार, वर बहिणीचं पोटही वाचतंय! दोघांनी मिळून शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली.

मी आकांडतांडव केलं. "अगं, हातचं सोडून पळत्याच्या मागे काय लागताय?"

"मी रोज डोळ्यांनी बघते," वहिनी म्हणाली. "तू बघतेस का?"

बघते, कप्पाळ! डॉक्टरीण बाई रागावल्या, त्यांनाही दादानं "बघू, बघू" करून टोलवलं. उभं राहवेना तशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो स्वतःच बसून राहायला लागला, मग दुकान बंद झालं. पुढे डायलिसिस लागलं. तेव्हा कुठे वहिनीनं धीर करून सरांपुढे हात जोडले, ते औषध माझ्या नवऱ्याला द्या.

सर चांगले होते, हेच वाईट. ते म्हणाले, आधी बघू या, यांच्यात रिसेप्टर आहे की नाही. इस्पितळातला तो जुना तुकडा मागवून त्यांनी रंग घालून पाहिला. रिसेप्टर होता. जिथे असायला हवा तिथे, हवा तेवढा. दादाचा आजारच वेगळा होता, त्या औषधाचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. सरांनी एवढंच विचारलं, "बाई, मला आधीच का नाही विचारलंत?"

मी पुन्हा पुढे झाले. पण तोवर डायलिसिसच्या नळीतून आलेला जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता, शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणाले. त्याच आठवड्यात दादा गेला.

वहिनी पुन्हा कामावर जाते. मी अजून तिच्याशी नीट बोलत नाही आणि तिच्याशिवाय मला करमतही नाही. परवा ती डबा भरत होती, तेव्हा मी विचारलं, "तुझ्या त्या उंदरांचं काय झालं?"

"बरे झाले सगळे."

"मग?"

"मग काय? चाळणी खरंच सुधारली का ते बघायला कापले."

माझा तोल गेला. "मी कापून घ्यायला तयार होते ना, तेव्हा का नाही कापू दिलंस?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या आणि नव्या उंदरांना खायला घालायची वेळ झाली म्हणून निघून गेली.