कामठीच्या शेडमधला बुजवलेला खड्डा

आज मी जो काही आहे तो गणपतमामांमुळे आहे. ते गेल्याची तार मला मुंबईला कारखान्यात मिळाली, त्याला आता सहा आठवडे झाले. ‘मामा शॉक लागून वारले, लवकर ये.’ तीस वर्षे वायरिंगची कामे केलेला माणूस शॉकने गेला... कामठीत लोक म्हणतात, चूक त्यांचीच होती. ती त्यांची नव्हती, एवढे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

पारशिवनीहून मॅट्रिक होऊन मी नागपुरात आलो आणि इतवारीतल्या मामांच्या एका खोलीत राहिलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. मामा स्वतः चौथी शिकलेले. खोलीतला एकुलता एक दिवा त्यांनी चुलीजवळून काढून माझ्या पुस्तकांवर आणला, आणि मामी पुढची चार वर्षे अंधुक उजेडात भाकरी थापत राहिल्या. त्याबद्दल दोघांनी कधी शब्द काढला नाही.

मामांच्या कामाची एक रीत होती. घरापासून सुटे बांधलेले काही असले, गोठा असो की मागची शेड, तर तिथल्या बोर्डासाठी ते तिथेच वेगळे अर्थिंग करत. पुरुषभर खड्डा, तळाशी तांब्याचा पत्रा, वर कोळशाचे आणि मिठाचे थर. मग फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून पाहायचा. तो मिणमिणला तर पुन्हा खोदाई. काम संपले की घरातल्या बाईच्या हातून खड्ड्यात पहिली घागर ओतवून घेत आणि बजावत, “तुळशीले घालतं नं वं पाणी? उन्हाळ्यात यालेही घालत जाय. तहानलेलं अर्थिंग काही कामाचं नाही.”

कामठीच्या एका मालकाने घरामागे यंत्रमागाची शेड बांधली आणि काम मामांना दिले. मामांनी शेडच्या कडेला कुदळ मारायला सुरुवात केली तसा मालक हसत म्हणाला, “काहून गा मिस्त्री, विहीर खोदून राहिला का?”

“विहिरीत माणूस पडते मालक, यात करंट पडते,” मामा म्हणाले.

पण मालकाला त्या जागेवर आणखी दोन माग बसवायचे होते. दोन दिवस वाद झाला. शेवटी त्याने मामांच्या वर्मावर बोट ठेवले. “तुह्या भाच्याले विचार नं. इंजिनेर आहे म्हणतं. तू तं चौथी पास!”

आणि मामांनी मला विचारले. मी पदवीधर झाल्यापासून ते बदलले होते. साधा फ्यूज बदलायचा तरी, “आमचा श्रीधर काय म्हणते पाहू,” म्हणायचे. मला ते फार आवडायचे, हे आज कबूल करतो. शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले त्यांचे पत्र मला कारखान्यात मिळाले. शेड मी पाहिलेली नव्हती. जेवणाच्या सुटीत, डबा उघडायच्या आधी, मी उत्तर लिहून टाकले. मामांनी ते तंतोतंत पाळले. शेडच्या बोर्डात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, आणि अर्थिंगची तार एकत्र बांधली, आणि अर्धा खणलेला खड्डा आपल्याच हाताने बुजवला.

दोन उन्हाळे काही झाले नाही. तिसऱ्या वैशाखात, एका दुपारी वावटळीत कडुनिंबाची फांदी घर आणि शेड यांच्यामधल्या तारांवर आदळली आणि नेमकी परतीची तार तुटली. करंटला परतायला वाट उरली नाही आणि शेडमध्ये ती तार अर्थिंगला बांधलेली, त्यामुळे बोर्डाचा लोखंडी डबा आणि मागांचे सांगाडे, सगळ्यांत करंट उतरला. खड्डा असता तर त्याला जमिनीत जायला वाट होती... दिवे विझले, माग थांबले. लाइनच गेली असे समजून मालकाने मामांना बोलावले, आणि तसेच समजून मामांनी डब्याच्या झाकणाला हात लावला.

चौकशीला वीजखात्याचे साहेब आले, त्यांनी लिहून नेले की वायरमनने शेडला अर्थिंग केले नव्हते. तेराव्याला मालक जेवायला आला. पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “साऱ्या गावात खड्डे खणले म्हातारबानं, अन् माह्याच शेडमधी आळस केला!” मी तेव्हा वाढत होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. खरे काय ते दोघांनाही ठाऊक होते, आणि दोष गणपत मिस्त्रीचा ठरणे दोघांनाही सोयीचे होते. मी पुढच्या पानाकडे वळलो.

निघताना मामींनी हत्यारांच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात ठेवले. “तुह्यंच आहे. साहेब आला तवा म्या दाखवलं नाही. तुह्या नोकरीचं काही झालं असतं तं तेह्यले सोसलं नसतं.”

ते जसेच्या तसे खाली देतो. मामींना विचारलेले नाही.

*तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.*

*आपले पत्र पोचले. मालकांचे म्हणणे बरोबर आहे. घराला अर्थिंग असताना शेडला वेगळा खड्डा खणणे ही जुनी समजूत आहे. शेडच्या बोर्डात न्यूट्रल व अर्थिंग एकत्र जोडून टाकावे, म्हणजे झाले. मीठ-कोळशाचे दिवस आता गेले, मामा. या वयात उन्हात कुदळ मारू नये. मनात शंका ठेवू नका. जबाबदारी माझी.*

*मामींस नमस्कार.*

*आपला,*
*श्रीधर*