रिकामा रकाना

रोज सकाळी चहा गाळायच्या आधी मंजुळाआत्या गच्चीत जायची आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर रंगवलेली अक्षरं वाचायची. सगळी वाचता आली तर हवा स्वच्छ. नाही आली तर वहीत लिहायची, धुकं.

शहरातल्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात तिनं तीस वर्षं तयार माल तपासला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कधी शिक्का मारला नाही. निवृत्त होऊन महूला परतल्यावर डोंगरावरच्या तलावावर पक्षी मोजायला लागली, तेही त्याच शिस्तीनं. नुसत्या आवाजावरून ती आकडा लिहीत नसे.

यंदा जानेवारीतल्या सरकारी गणतीला मी तिच्याबरोबर होते. धुक्यात पाणी तर सोडाच, आमचे बूटही दिसत नव्हते. आत कुठेतरी चक्रवाक ओरडत होते. शंभर असतील, दोनशे असतील. आत्यानं आकड्याचा रकाना रिकामा ठेवला, शेऱ्यात लिहिलं, "धुकं. आवाज भरपूर. पुन्हा मोजावं." खाली सही केली.

फेब्रुवारीत तलावावर पाटी लागली. मोटरबोटी येणार होत्या. परवानगीला जोडलेल्या गणतीच्या अहवालात पक्षी शून्य, आणि मोजणाऱ्याचं नाव आत्याचं.

ती मला घेऊन थेट गणतीच्या ऑफिसात गेली. तिथल्या शामबाबूंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"मॅडमजी, सिस्टम खाली खाना, म्हणजे रिकामा रकाना, घेतच नाही. शून्य टाकून दिलं. क्या फरक पडतो?"

"आणि माझा शेरा?"

"त्याला यात जागाच नाही."

"शाम भिया, धुक्यात तुमची आई मला दिसली नाही, तर तुम्ही बिनआईचे का?"

ते हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. आत्याला स्वतःचाच जास्त आला. परतताना बसमध्ये म्हणाली, "रिकाम्या खोक्यावर शिक्का मी मारला. माल त्यांनी भरला."

हरकत घ्यायला जवळपास दोन आठवडे, सोमवारपर्यंत, मुदत होती. अकरा दिवस ती पहाटे तलावावर गेली, धुकं फाटेपर्यंत काठावर बसून राहिली, आणि प्रत्येक थवा तीनदा मोजला. एकशे चौऱ्याऐंशी चक्रवाक. शनिवारी संध्याकाळी कागद माझ्याकडे दिले. रविवारी सकाळी ती उठलीच नाही.

सोमवारी मी ऑफिसात गेले. शामबाबू कागदांकडे न बघता म्हणाले, "ठेवून जा, देखते हैं."

मी तिथेच उभी राहिले. शनिवारी दारात मी चपला घालत असताना आत्या म्हणाली होती, "ओरिजिनल देऊ नको, दीक्षा. झेरॉक्स दे. आणि पावती घेतल्याशिवाय हलू नको."