पातळ रक्त

हैदराबादला मी संशोधन करत होते. काचेच्या पट्टीत केसाएवढी बारीक नळी, तिच्यात द्रवाचा थेंब आणि त्या थेंबात भिंगातूनच दिसणारा एक मणी. चुंबकाच्या ओढीने तो मणी अधांतरी तरंगत राहायचा. जरासा हलवला की पुन्हा आपल्या जागी यायचा. द्रव दाट असेल तर रेंगाळत, पातळ असेल तर झटकन. त्यावरून द्रवाचा दाटपणा मोजायचा, हे माझं काम.

दिवाळीला भालकीजवळच्या गावी जाताना ते यंत्र सोबत नेलं, कारण मला रक्ताचे नमुने हवे होते. अप्पांनी बोट पुढं केलं, वहिनीनं केलं. दोघांचाही मणी रेंगाळतच जागेवर आला. मग आई आली. एकेकाळी मेंढरांमागं दिवसभर रान तुडवणारी माझी आई आताशा घागर उंबऱ्याशी टेकवून बसायची. वय झालं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तिचा मणी झटकन आला. पुन्हा करून पाहिलं, तसंच. मला आनंद झाला. इतकं पातळ रक्त मला मिळालंच नव्हतं. यंत्राला फरक कळतो हे दाखवायला असाच नमुना हवा होता.

"कामून हसायलीस गं? काय दिसायलंय?"

"तुझं रक्त लई पातळ हाय, आई."

"व्हय? म्हणूनच दम लागायलाय बघ. तुला सांगावं म्हणत होते. पण फोनवर तू घाईत असतीस."

मी यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तिला बीदरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पाळीत अंगावरून फार जात होतं, कित्येक महिने, आणि तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. अंगात रक्तच उरलं नव्हतं. रक्त चढवलं, पुढं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यापर्यंत ती पुन्हा रानात जाऊ लागली.

हैदराबादला माझ्या सरांनी आलेख पाहिला. एका टोकाला एकटाच पडलेला आईचा ठिपका दाखवून म्हणाले, "हा नमुना उत्तम मिळाला." मी मान डोलावली. दुपारी आईला फोन लावला.

पुढच्या खेपेला गेले तर ओट्यावर बायका बसलेल्या. लेकीच्या मशीननं आजार पकडला, असं आईनं गावभर केलं होतं. एकीनं पदराआडून बोट पुढं केलं.

"मावशी, याला आजार कळत न्हाई," मी म्हणाले. "माझ्यासंगं बीदरला चला, डॉक्टरीणबाईला दाखवू."

बायका गेल्यावर आईला म्हटलं, "उगं कामून सांगत फिरायलीस? मशीननं काही केलं न्हाई."

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "न्हाई कसं? त्याच्यामुळं तू माझ्याकडं बघितलीस."

मी तव्यावरची भाकरी उलटली. बोट भाजलं. सकाळी त्या बायकांतल्या दोघी बसस्टँडवर माझ्याआधी येऊन उभ्या होत्या.