उलटा टाकलेला दगड

बाळांनो, सांगलीत आमच्या शेजारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे एक गृहस्थ राहतात. मूळचे जतचे, टँकरच्या पाण्यावर वाढलेले. आमचं वर्तमानपत्र वाचलं, तरी घडीवर घडी घालून जागच्या जागी ठेवणारे.

यंदा गल्लीच्या सहलीत कोकणात गेलो. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांत एक दगड उचलून त्यांनी मला खालचा केशरी स्पंज दाखवला.

"हा जिवंत आहे?"

"व्हय की, बाई. भोकांतनं पाणी आत ओढतो, त्यातलंच खातो. आता गपगार पाण्याची वाट बघतोय, आमच्या जतकरांगत."

दगड त्यांनी होता तसा ठेवला. मग मीही एक उलटून पाहिला, त्याखालीही तसाच स्पंज होता, आणि दगड उलटाच टाकून आले. बसमध्ये हे सांगताच ते ताडकन उठले.

"आवं, उन्हात वाळून मरंल त्यो!"

"स्पंज दुकानात मिळतो, बसा!" मागून कुणीतरी ओरडलं. ते केव्हाच उतरले होते.

परतले तेव्हा बोट शिंपल्यांनी कापलं होतं. एवढ्या काळ्या दगडांत तो एकच केशरी दिसला, म्हणून सापडला, आणि त्यांनी तो सुलटा करून ठेवला.

"जगेल ना?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. "पाणी येतंय की," ते म्हणाले. जतच्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.