पाटीवर सिरम लिहिलेलं नव्हतं

कारेगावच्या फाट्यावर माझं मेडिकल आहे. सकाळी नऊला शटर वर करते, आणि दुपारी साडेतीनला पहिल्या शिफ्टची बस आली की मग बूड टेकायला मिळत नाही. कंबरेला मलम, डोळ्यांत घालायला थेंब, ॲसिडिटीची गोळी, "दीदी, बदन दर्द का कुछ दो ना", सगळं एका दमात. डी.फार्म. करताना वाटलं होतं, लोकांना औषध नीट समजावून सांगू. आता समजावत बसले तर मागची रांग माझा उद्धार करते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या घाईचाही हात आहे.

सुलक्षणाताई याच बसने येतात. वय चाळिशीच्या आसपास, माहेर इनामगावचं, नवरा महेंद्र टेम्पोवर. रांजणगावला मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या रंगवणारी एक कंपनी आहे. तिथल्या पेंट शॉपमध्ये ताईंना अकरा वर्षं झाली. सलग नाहीत. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला सात महिने भरले की ब्रेक देऊन घरी बसवतात. ब्रेक संपला की नवं कार्ड, नवी सही, आणि कागदावर माणूस पुन्हा कोरा करकरीत. अकरा वर्षं ही बाई अशी पुन्हा पुन्हा नवी होत आली आणि दर खेपेला थोडी जास्त थकत गेली. यंदा मात्र कंपनी चार बायकांना स्वतःच्या रोलवर घेणार होती. रोलवर गेलं की ब्रेकची कटकट कायमची संपली. त्या चारांत ताईंचं नाव पहिलं, असं सुपरवायझर विनोद स्वतःच्या तोंडाने बोलला होता. पंधरा दिवसांनी मुलाखत होती, पुण्याहून मोठे साहेब येणार होते.

ताई माझ्याकडे येणार त्या सासूची शुगरची गोळी न्यायला, नाहीतर महेंद्रच्या पाठीचं मलम न्यायला. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी रांगेतल्या चार-पाच जणांना पुढे जाऊ दिलं आणि काउंटरवर वाकून हळूच विचारलं.

"मॅडम, तोंडावरच्या भोकांवर काय येतं का?"

"पुरळ आलंय का?"

"पुरळ न्हाई ओ. ही बघा. नाकाच्या बाजूला. गालावर बी."

त्यांनी तोंड ट्यूबलाइटखाली धरलं. छिद्रं मोठी झाली होती खरी, पण चाळिशीत, रंग वाळवायच्या भट्टीच्या गरमीत, आठ-आठ तास मास्क लावून राबणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतात तेवढीच. मी तसं म्हटलं. त्यावर त्या जे बोलल्या ते ऐकून माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली.

"घरच्या आरशात न्हाई दिसत. टाकीत दिसत्यात. मी रंगलेल्या टाक्या तपासते ना. डोक्यावर ह्या एवढ्या ट्यूबा, आन् काळी टाकी आली की निस्ता आरसा. मी टाकीवरची भोकं हुडकत असते आन् मला माझीच दिसत्यात. दिसभर. टाकीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी मी लाल स्टिकर लावते आन् रिजेक्ट म्हणून बाजूला काढते."

मी तीन बाटल्या काढून ठेवल्या. खरं ते सांगितलं, तेवढा माझा धर्म मी पाळला. छिद्रं म्हणजे काही खिडक्या नव्हेत, उघडल्या आणि मिटल्या. ती बंद होत नाहीत, दिसायला कमी होतात, एवढंच. सॅलिसिलिकवालं आतला तेलकटपणा काढतं, पण मास्कखाली घामेजलेल्या कातडीला झोंबेल, म्हणून ते मीच परत फळीवर ठेवलं. दुसरं नायसिनामाइडचं, पाण्यासारखं पातळ. हे चांगलं, पण सावकाश गुण देणारं. निदान आठ आठवडे नेमाने लावायला हवं.

"आठ आठवडं?" ताईंनी कपाळाला हात लावला. "मुलाखत पंधरा दिसांवर आलीय. आन् मला मेलीला नेम धरायला येळ कुठं हाय?"

मग तिसरं उरलं. खोक्यावर सोललेल्या अंड्यासारख्या गालांची एक मुलगी होती. लावल्या लावल्या चेहरा गुळगुळीत, संध्याकाळी धुतला की जैसे थे. मी म्हटलं, "ताई, हे लिंपण आहे, दुरुस्ती नाही."

"लिंपलं तरी चालतंय. पंधरा दिस तर काढायचेत." त्यांनी बाटली उचलली आणि विचारलं, "हे क्रीम न्हाई ना पर?"

"नाही हो, सिरम."

"मंग बरं."

मला वाटलं, क्रीमचा चिकटपणा आवडत नसेल. मागे सात माणसं उभी, माझे पाय सुजून भाकरी झालेले. क्रीम का नको, एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? मी बिल फाडलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पेंट शॉपच्या दारावर एक पाटी आहे. पावडर, क्रीम, तेल, सेंट, लाली लावून आत येण्यास बंदी. कारण साधं आहे. असल्या पुष्कळ गोष्टींत सिलिकॉन असतं, आणि ओल्या रंगाचं त्याच्याशी जमत नाही. डोळ्याला दिसणारही नाही एवढा त्याचा अंश जिथे लागला असेल, तिथून रंग मागे सरतो आणि गोल खड्डा पडतो. कंपनीत त्याला क्रेटर म्हणतात. ताई पाटी देववाक्यासारखी पाळायच्या. केसांना तेल फक्त सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, सुट्टीला डोक्यावरून अंघोळ, पावडरचा डबा घरात नाही. पण पाटीवर जे आहे ते बंद, नाही ते चालतं, हा सरळ हिशेब. सिरम पाटीवर नव्हतं. वर ते मेडिकलातून पक्क्या बिलावर आणलेलं, म्हणजे औषधच. आमच्या भागात मेडिकलवर असा आंधळा भरवसा. डॉक्टरला विचारायच्या गोष्टी मला विचारतात आणि मला विचारायच्या गोष्टी विचारतच नाहीत.

पुढचे तीन दिवस ताई खुशीत होत्या. एका दुपारी नुसत्याच येऊन काउंटरपाशी उभ्या राहिल्या. काय हवंय म्हटलं तर काही नाही. "बघा की," म्हणाल्या. मी बघितलं. गाल खरंच तुळतुळीत दिसत होते. "टाकीत बघितलं आज," त्या म्हणाल्या, "येक बी न्हाई." आणि लाजल्या. त्यांना लाजताना बघून मला बरं वाटलं, आपण कुणाचं तरी भलं केलं असं वाटलं.

सोमवारी त्यांची ड्यूटी बदलली. पंधरा दिवस तपासणी, पंधरा दिवस पुसाई, असा तिथला फेरा. पुसाई म्हणजे रंग मारण्याआधी टाकी शेवटचं एकदा धूळ टिपणाऱ्या चिकट फडक्याने पुसून आत सोडायची. मास्क खाली घसरला की ग्लोव्हच्या हाताने वर करायचा, आणि तोच हात पुन्हा टाकीवर.

मंगळवारी सकाळपासून टाक्या बाहेर येऊ लागल्या त्या देवी आल्यासारख्या. दुपारपर्यंत लाईन थांबली. विनोदने साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. हवेचे फिल्टर बदलले, रंग उपसून काढला, फडक्यांचा अख्खा गठ्ठा फेकून दिला. शेवटी पुसाईच्या टेबलावरच्या बायकांना त्याने ओळीत उभं केलं आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत निघाला.

हे सगळं मला शितलने सांगितलं. शितल ही त्याच टेबलावरची, दौंडकडची, बाविशीतली पोर, इथे दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. भुवया कोरलेल्या, कामावरून सुटली की ओठ गुलाबी. तिच्या लॉकरमधल्या पर्समध्ये दोन लिपस्टिक आणि एक डिओ सापडला. ते ती सुटल्यावर लावायची, आत कधीच नाही. पण ऐकतो कोण? तिला तिथल्या तिथे उद्यापासून ब्रेक. कार्ड जमा.

डोकेदुखीची गोळी घ्यायला ती त्याच दिवशी बसमधून उतरून माझ्याकडे आली आणि रडता रडता बोलत सुटली. "आन् सुलक्षणाताईंसमोर तर सर थांबले बी न्हाईत. म्हणले, ह्यांना काय इचारायचं, ह्यांच्या तोंडाकडं बघा की. सगळी हसली. ताई बी हसल्या."

तिच्या बोलण्यात मी सिलिकॉन हा शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप फळीकडे गेला. खोकं उलटं केलं. मुंगीएवढ्या अक्षरांत दुसरंच नाव होतं, डायमेथिकोन. सिलिकॉनच ते. परीक्षेत लिहून आले होते मी. मान वर केली तर शितलच्या मागे ताई उभ्या. त्याच बसने आलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

शितल गेल्यावर मी खोकं त्यांच्यापुढे ठेवून त्या नावावर बोट ठेवलं आणि काय ते सांगितलं. त्यांनी खोकं उचलून ते नाव डोळ्यांजवळ धरलं.

"पाटीवर सिरम लिवलेलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही ना."

"मी वाचते ती पाटी. अकरा वर्षं वाचते."

आता जे लिहिते ते लपवलं असतं तर बरं दिसलं असतं. मी म्हटलं, "ताई, तुमच्यावर कुणाचा संशय नाही. उद्यापासून लावू नका, खड्डे थांबतील. मुलाखत आठवड्यावर आलीय. शितल तरुण आहे, तिला कुठेही काम मिळेल."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमलेल्या नजरेने. "तुमी पन दमला असाल मॅडम," म्हणाल्या. "दमलं की मानूस असंच बोलतं." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होण्याआधीच त्यांनी विनोदला गाठून सांगितलं की क्रेटर माझ्यामुळे पडले, मी तोंडाला सिरम लावत होते. विनोद आधी ऐकत राहिला आणि मग हसायला लागला. "पोरीला वाचवायला काय बी सांगाल व्हय ताई! तुमी आन् सिरम?" आणि त्याने आणखी दोघांना बोलावून हे ऐकवलं. तेही हसले.

ताईंनी पिशवीतून बाटली काढली. टेबलावरची टेस्टची पत्र्याची प्लेट उचलली, बोटाने एक थेंब लावला, फडक्याने नीट पुसला, काही म्हणता काही दिसेना. प्लेट विनोदच्या हातात दिली. "मारा रंग."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? प्लेटवर रंगाची चाळणी झाली. विनोद माणूस वाईट नाही. तो हळूच म्हणाला, "कशाला लावलंत ओ, ताई?" ताईंनी नुसतं कार्ड गळ्यातून काढून ठेवलं.

शितलला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. शनिवारी मुलाखतीची यादी लागली, तिच्यात चार नावं होती, ताईंचं नव्हतं. त्यांचा ब्रेक महिनाभराने येणार होता, तो लगेच धरला. दोन महिने. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकते. इथे संन्याशीण आपल्या पायांनी चालत गेली, आणि चोरी तरी कसली, तर दोन गाल गुळगुळीत दिसावेत एवढीच.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी अकराला ताई दुकानात आल्या. त्यांना अकराला बघायची माझ्या डोळ्यांना सवय नाही. निळा युनिफॉर्म नव्हता, घरची साडी होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी स्टूल पुढे केलं. ती उरलेली बाटली परत करायला आल्या असतील असं वाटलं, आणि मी पैसेच काय, पाय धरायलाही तयार होते.

"मला माफ करा ताई," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं."

"इचारायचं मी बी ऱ्हायलेच की." त्या स्टुलावर टेकल्या. पदराने गळा पुसला. "रोलचं जाऊ द्या. अकरा वर्षं न्हवतेच रोलवर, आनिक काढीन. पन त्यो हसला मॅडम. रिजेक्ट केलं असतं तर चाललं असतं. त्यो हसला."

माझे डोळे भरून आले ते मी शोकेस पुसायच्या निमित्ताने लपवले.

"ते दुसरं द्या," त्या म्हणाल्या.

"दुसरं कुठलं?"

"त्ये पान्यावानी पातळ. आठ आठवडं लागत्यात म्हणला व्हता ना?" त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "आता हाय येळ."

मी खोकं काढलं. बिल करण्याआधी चष्मा लावला आणि मागचं एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. ताई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. मध्येच एक माणूस खोकल्याचं औषध मागत आला, त्याच्या मागे अजून एक. मी त्यांना थांबा म्हटलं आणि पहिल्यापासून परत वाचलं.