सिस्टरची मराठी

आमच्या गावातून शाळेसाठी सांगलीला गेलेली मी पहिली मुलगी. गाव कडेगाव तालुक्यातलं, घर ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचं, वडील फौजेत हवालदार. त्यांच्या पलटणीतल्या साहेबांच्या मुली इंग्रजी शाळेत जायच्या आणि आल्यागेल्यापुढे न लाजता बोलायच्या, हे त्यांनी पाहिलं होतं. एका सुट्टीत घरी आले आणि जेवताना म्हणाले, "पोरीला कॉन्व्हेंटात घालायची." आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ते पटलं नव्हतं. पण मुलगा वर्षातून दोनदा घरी येणार, त्यात त्याच्याशी वाद घालणं त्यांच्या जिवावर यायचं. सांगलीत माझी मावशी राहायची. काका हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे कामाला होते. त्यांच्या दोन खोल्यांत माझी एक वळकटी वाढली आणि मी पाचवीत दाखल झाले.

शाळा नन्स चालवायच्या. लांब व्हरांडा, एका टोकाला प्रार्थनेची खोली, आणि फरशी इतकी स्वच्छ की पहिल्या दिवशी मी बूट काढून हातात घेतले. ते बघून मुली हसल्या. पुढे काही दिवस त्या कशालाही हसायच्या. मी तोंड उघडलं की हसायच्या, म्हणून मी ते शक्यतो बंद ठेवायचे.

गणिताला त्याच जूनमध्ये केरळहून आलेल्या एक सिस्टर होत्या. वयानं लहान, पण चेहरा करडा. त्यांना मराठी अजिबात येत नव्हती, हिंदी जेमतेम. त्यांनी पहिल्यांदा हजेरी घेतली तेव्हा माझं नाव पुकारलं, आणि मी उभी राहून म्हणाले, "मी हाय, सिस्टर."

वर्गात खसखस पिकली. सिस्टरनी मान वर केली. इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही, पण बोट दाराकडे होतं एवढं कळलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. आपण काय केलं याचा पत्ता नव्हता. पाण्याची टाकी घासणाऱ्या शिपाईबाई मला बघून जवळ आल्या.

"का गं, काय केलंस?"

"काय न्हाई. मी हाय म्हनलं."

शिपाईबाई मूळच्या तासगावकडच्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मधल्या सुट्टीत त्यांनीच सिस्टरना गाठून समजावलं, की आमच्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. पोरीनं तुम्हाला मैत्रिणीसारखं इंग्रजीतलं 'हाय' केलं नव्हतं, हजेरी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर वर्गात आल्या, त्यांनी मला पुढे बोलावलं आणि शेजारी उभं केलं. आधी इंग्रजीत बोलल्या, मग माझ्याकडे वळून सावकाश हिंदीत. "कल मैंने गलती की. इसने ठीक बोला था. मैं समझी नहीं. सॉरी."

त्या हसत नव्हत्या. हात दोन्ही बाजूंना सरळ, सैनिकासारखे. यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना नमस्कार केला. त्या दिवशी मात्र वर्गात कुणी हसलं नाही.

आमच्या घरात मोठ्या माणसाची चूक झाली की तो लहानाला चहा जरा जास्त गोड करून द्यायचा. शब्दांत कुणी काही म्हणत नसे. संध्याकाळी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईंनी तुझी माफी मागितली? तुझी ऐकण्यात चूक झाली असंल." मी पुन्हा सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "कशा दिसतात गं त्या?"

त्याच आठवड्यात सिस्टरनी मला मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. त्या दर शनिवारी नदीकाठच्या एका वस्तीत बायकांना भेटायला जात आणि तिथलं बोलणं त्यांना काही कळत नसे. "तू मुझे सिखा," म्हणाल्या. "और मैं तुझे इंग्लिश." मग व्हरांड्याच्या कठड्यावर आमचा वर्ग भरायला लागला. मी डबा खाता खाता एकेक शब्द द्यायचे, त्या तो तोंडात घोळवायच्या. 'लय' त्यांना लगेच आवडला. 'कवा' जमला. 'तवा'ला मात्र अडल्या.

"तवा? रोटीवाला?"

"न्हाई सिस्टर. कवा, तवा. तुमी कवा आला? तवा आले."

"और रोटीवाला?"

"त्यो बी तवाच."

त्यांनी कपाळाला हात लावला. एकदा मराठीच्या बाईंनी आम्हाला ऐकलं आणि त्यांना राहवलं नाही. "सिस्टर, ही काही शुद्ध मराठी नाही हं," त्या म्हणाल्या. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी मी ज्या बायकांकडे जाते, त्या हीच बोलतात." मला ते उत्तर फार दिवस पुरलं. माझ्या तोंडची भाषा कुणालातरी शिकावीशी वाटते आहे, हे कळल्यावर मी वर्गात बोलायला लागले. सुरुवातीला चुकतमाकतच, पण बोलायला लागले.

शाळेत सगळंच असं होतं असं नाही. आवारात मराठी बोलताना सापडलं तर मधल्या सुट्टीत व्हरांडा झाडावा लागे. सिस्टर आणि मी त्याच व्हरांड्यात राजरोस मराठी बोलायचो, आणि झाडू हातात घेतलेल्या मुली माझ्याकडे रागानं बघायच्या. त्यांचा राग बरोबर होता. गावी गेले की जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारा माझा धाकटा भाऊ कविता घडाघडा म्हणायचा आणि मला त्यातली एकही येत नसे. ते वाचन मी फार उशिरा, कॉलेजात गेल्यावर केलं. काही काही अजून राहिलंय.

सकाळी प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटायचे असत. मी डोळे मिटून डोंगराईला हात जोडायचे. आपण फसवतोय असं वाटून एकदा ते सिस्टरना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, डोंगराई कुठे राहते? मी म्हणाले, आमच्या डोंगरावर. "मग तिलाच माग," त्या म्हणाल्या, "पण गणितासाठी माग. तुझं गणित लय कच्चं हाय."

मी आठवीत होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आजी गोठ्यात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, सळई बसली, डॉक्टरांनी चालायला सांगून घरी पाठवलं. पण आजी पाय टेकायलाच तयार होईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घरात गुरं, रानात उसाची लागण आणि हे अंथरूण, सगळं एकट्या आईवर आलं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "पोरगी आता हितंच ऱ्हाऊ दे. हितल्या हायस्कुलात जाईल. आईला हात हुईल." वडिलांशी फोनवर बोलणं झालं. ते लांब कुठेतरी डोंगरात होते, आवाज तुटत होता. "आबा म्हणतील तसं करा," एवढं ऐकू आलं. मी गणवेश घडी करून ट्रंकेत ठेवला. आबांवर रागही काढता येत नव्हता, कारण आईचे हाल मला दिसत होते.

शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर एका दुपारी सिस्टर आमच्या अंगणात उभ्या दिसल्या. सोबत शिपाईबाई. विट्यात गाडी बदलून दोघी एसटीनं आल्या होत्या. पांढऱ्या साडीची किनार धुळीनं तांबडी झाली होती. आबा बाजेवर बसले होते. ते उठायच्या आत सिस्टरच बोलल्या.

"रामराम आबा. मी हिच्या शाळंतली बाई हाय. लय लांबनं आलीया. पानी मिळंल का?"

आबांनी मला पाणी आणायची खूण केली, पण नजर त्यांच्यावरच होती.

"तुमी कुठल्या गावच्या म्हनायच्या?"

"केरळच्या."

"केरळात आसं बोलत्यात?"

"न्हाई. तुमच्या नातीनं शिकवलं. काय चुकलं असंल तर तिला बोला."

आबा हसले. आजी पडल्यापासून घरात कुणी हसलेलं मला आठवत नव्हतं. चहा झाला. मग त्यांच्या मनात पहिल्यापासून जे होतं ते त्यांनी सरळ विचारलं.

"आवं, खरं सांगा. पोरीला किरिस्ताव करनार काय तुमी?"

शिपाईबाई चपापल्या. सिस्टरनी कपबशी खाली ठेवली. "आबा, मी तिला बीजगणित शिकवतीया. ते अजून तिच्या डोक्यात शिरत न्हाई. दुसरं काय करायला मला येळ कुठला?"

आबांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "तसं आमी मोहरमला ताबूत उचलनारी मानसं. कुनाचा देव कुठला, ह्ये बघत न्हाई. पन पोरीच्या जातीला जपावं लागतं, म्हनून इचारलं." मग त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. "खरी अडचन ही हाय."

सिस्टर आत गेल्या आणि आजीच्या अंथरुणाच्या कडेला जमिनीवर बसल्या. मला वाटलं, आता प्रार्थना म्हणतील. त्यांनी विचारलं, "आजी, पाय दुखतो का?"

आजीनं तोंड वळवलं. "दुखत न्हाई गं बाय. भ्या वाटतं. फुडं जमीनच न्हाई असं वाटतं."

एवढ्या दिवसांत आम्ही सगळ्यांनी तिला 'ऊठ, चाल' म्हणून सांगितलं होतं. उठत का नाहीस, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सिस्टर तिचा हात धरून बसल्या, आणि मग आबांना म्हणाल्या, की मिरजेत चालायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, ओळखीच्या आहेत, मी वेळ घेऊन देते. शाळेचा विषय त्यांनी काढलाच नाही. निघताना माझ्या हातात गणिताचं पुस्तक दिलं आणि पाचव्या धड्यापर्यंत करून ठेव म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही आजीला जीपमधून मिरजेला नेलं. आईबरोबर मीही होते. त्या फिजिओथेरपीच्या बाईंनी आजीच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधला, तो मागून घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मी धरलंय. पडलात तर दोघी पडू." आजीनं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या अंगानं चांगल्या दणकट होत्या. तिला बहुधा भरवसा वाटला. तिनं पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि भिंतीपाशी पोचल्यावर आईकडे बघून लहान मुलीसारखी रडायला लागली.

आम्ही आठवड्याला एकदा मिरजेला जायचो. मधल्या दिवसांत मीच तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचे, पट्ट्याऐवजी आबांचं उपरणं तिच्या कमरेला बांधून. नाताळापर्यंत ती वॉकर धरून परसात जायला लागली आणि कामाच्या बायकांवर ओरडायलाही लागली. सुट्टीनंतरच्या सोमवारी आबा स्वतः मला सांगलीला सोडायला आले. शाळेच्या फाटकाशी त्यांनी उसाच्या दोन कांड्या सिस्टरच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "बीजगनित घालाच हिच्या डोस्क्यात." सिस्टरनी रोज शाळा सुटल्यावर मला थांबवून घेऊन बुडालेले धडे भरून काढले.

मी दहावीत असताना त्यांची बदली झाली. नन्सना आदेश येतो आणि त्या एक बॅग घेऊन जातात, तशा त्या गेल्या. बीजगणितात मी कशीबशी पास झाले. बारावीनंतर काय करायचं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. आता मलकापुरात माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. आजी त्यानंतर कितीतरी वर्षं चालत होती. माझ्या पदवीच्या वेळी ती वॉकर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती.

सिस्टर आता केरळात निवृत्त नन्सच्या घरात असतात. गुडघे दुखतात. व्हिडिओ कॉलवर मी व्यायाम सांगते, त्या अर्धेच करतात आणि बाकीचे केले म्हणून सांगतात. मला कळतं. एकदा मी त्यांना विचारलं, त्या दिवशी इतक्या लांब का आलात? त्या म्हणाल्या, "तू आली नाहीस, म्हणून." मी आणखी काही ऐकायला थांबले होते, पण त्यांच्या दृष्टीनं एवढंच उत्तर होतं.

यंदा आमच्या मुलीच्या शाळेचा प्रश्न आला. नवरा म्हणाला, "तूच म्हणतेस ना, कॉन्व्हेंटमुळे मराठी वाचायचं राहून गेलं. मग परत तिथंच?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हणाले, वाचायचं आपण घरी बघू. मला तिथं जे मिळालं ते तिलाही मिळेलच असं नाही, त्याला तशी माणसं भेटावी लागतात. पण बघून तरी येऊ. इथून जवळच नन्सची एक शाळा आहे, तिथे आम्ही तिघं गेलो. ऑफिसात आम्हाला खुर्च्या दिल्या. मुख्याध्यापिका सिस्टर आल्या, आम्हाला नमस्कार केला, आणि खाली वाकून आधी मुलीशी बोलल्या.

"तुला शाळा बघायची आहे का? की इथंच बसायचं आहे?"

मुलीनं आमच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बाथरूम कुठंय ते पण दाखवाल?"

"ते आधी दाखवते," सिस्टर म्हणाल्या.

ती त्यांचं बोट धरून निघून गेली. नवरा उठायला लागला, मी त्याला बसवलं. व्हरांड्यातून तिचा आवाज लांब जात होता, ती एकामागून एक प्रश्न विचारत होती आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळत होतं.