पुन्हा खांबापाशी

कोर्टाने मला सोडलं तेव्हा वकिलाने पेढे मागितले. मी वाटूर फाट्यावरून आणले, वाटले आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, आता परत लाइनवर जायचं. निलंबनाच्या सगळ्या वर्षांत मला तेवढंच हवं होतं. पगार तर हवा होताच, पण त्याहून जास्त, गावाने मला पुन्हा 'आपला लाइनमन' म्हणायला हवं होतं.

केस अशी होती. आमच्याकडे खांबावर बहुतेक वेळा चढतो तो झिरो वायरमन. हा माणूस खात्याच्या कुठल्याच कागदावर नसतो. गावचाच, हाताला चपळ, शेतकरी देतील त्यावर भागवणारा. लाइनमन खाली उभा राहून सबस्टेशनला फोन करतो, लाइट बंद करून घेतो आणि वर तो काम करतो. सगळीकडे असंच चालतं आणि साहेबांना ते बिलकुल माहीत नसतं, म्हणजे माहीत असतं. त्या दिवशी मी मोसंबीच्या बागेपाशी लाइन बंद करून घेतली होती. त्याच फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या त्याच मुख्य लाइनवर, पलीकडच्या गावच्या लाइनमननेही बंद घेतली होती. त्याचं काम आधी उरकलं, त्याने तसा फोन केला आणि सबस्टेशनच्या ऑपरेटरला वाटलं, दोघांचंही उरकलं. त्याने लाइन सुरू केली. माझा माणूस वर होता. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. मी खालून बघत राहिलो, दुसरं काही करता आलं नाही.

गुन्हा माझ्यावर दाखल झाला. सुटलो तो संशयाचा फायदा मिळून. मला वाटत होतं, सुटलो म्हणजे सुटलो. खात्याचं म्हणणं वेगळं. तुम्ही सन्मानाने निर्दोष सुटलेले नाही, तेव्हा निलंबनाच्या काळातला पगार नाही, मिळालेल्या भत्त्यावरच समाधान माना. संशय कोर्टात संपतो ही माझी भाबडी समजूत. तो तिथून उठून ऑफिसात येऊन बसतो. मी चिडलो, अर्ज केले, मग गप्प बसलो. भांडायचा दम उरला नव्हता.

कामावर घेण्याआधी फिटनेस हवा होता. सरकारी डॉक्टरांनी डोळे पाहिले, बीपी पाहिलं, गुडघे वाकवायला लावले आणि फिट लिहून दिलं. झोप लागते का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नोकरी हवी होती.

पहिल्याच दिवशी नवे साहेब म्हणाले, बरीच वर्षं झाली, एकदा चढून दाखवा. लाइन बंद होती. मी फोनवर पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, रॉड टाकून तारा जमिनीला जोडल्या. तरी अर्ध्यावर गेलो आणि हातांनी खांबाला अशी मिठी मारली की वर जाता येईना, खाली उतरता येईना. खाली माणसं जमली होती, पण लाज वाटायलाही जागा नव्हती, इतका मी घाबरलो होतो. शेवटी गावचा नवा झिरो वायरमन वर आला. माझा एकेक पाय धरून खाली टेकवत त्याने मला उतरवलं.

मी साहेबांना सरळ म्हणालो, "साहेब, मला अनफिट लिहा. ऑफिसात पाणी भरतो, पण हे न्हाई होत माह्याच्यानं."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. डॉक्टरांनी फिट लिहिलंय, मी उलटं लिहिलं तर सगळी फाइल पुन्हा उघडेल, आता तुमची रिटायरमेंट जवळ आलीय, असं त्यांनी समजावलं. मग त्या नव्या माणसाकडे बघून म्हणाले, रोजचं काय, हा आहेच की.

तो हसला. "काका, तुमी खाली फकत फोन धरून राहा. वरचं मी बराबर करतो."

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण घरी बायको वाट बघत होती. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा मी रुजू झालो एवढंच म्हणालो आणि तिने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तक्रार आली, एका वस्तीकडची तार तुटली होती. मी सबस्टेशनला फोन केला, लाइन बंद करून घेतली. त्याने चपला काढून खांबाशी ठेवल्या आणि तो चढला. त्याच्या घरी कोण कोण आहे, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.